कोपऱ्याला मालक हवा : सोसायटीतल्या सफाई, बाग आणि दुरुस्तीच्या माणसांचं काम कसं सांभाळायचं

पुण्यातल्या एका सोसायटीत मी सात वर्षं मॅनेजर होतो. चार इमारती, प्रत्येकी अकरा मजले, मध्ये बाग, खाली पार्किंग. हाताखाली आठ सफाई कामगार, दोन माळी, एक प्लंबर, एक वायरमन आणि सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेवर (एसटीपी) पाळीने तिघं. कागदावर मी ‘इस्टेट मॅनेजर’, मावशींच्या तोंडी ‘साहेब’ आणि सभासदांसाठी ‘अहो, पाणी का येत नाहीये?’. पूर्वी ज्याला मुकादम म्हणत तेच हे काम, फक्त गळ्यात ओळखपत्र आलं. या कामावर नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी आणि कमिटीत निवडून आल्यावर ‘आता माणसं तुम्ही बघा’ असं ज्यांच्या गळ्यात पडतं त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

पहिला आठवडा नुसतं चाला

नवा माणूस पहिल्याच सोमवारी सगळ्यांना रांगेत उभं करून भाषण ठोकतो. मीही ठोकलं होतं. ते चालू असताना ‘सी’ इमारतीची वरची टाकी भरून धो धो वाहायला लागली आणि मोटार कुठून बंद करायची ते मला माहीत नव्हतं. माळीकाकांनी खुरपं खाली ठेवलं, पंपरूममध्ये जाऊन मोटार बंद केली आणि परत येऊन रांगेत उभे राहिले. माझं भाषण तिथेच संपलं.

पहिल्या आठवड्यात काही बदलू नका. प्लंबरबरोबर चाला आणि पाण्याचा प्रत्येक व्हॉल्व्ह कुठली लाइन बंद करतो ते विचारून त्याच्यावर रंगाने नंबर टाका. वायरमनबरोबर चालून प्रत्येक पॅनेलवर कुठला स्विच कशाचा ते लिहून चिकटवा. ड्रेनेजचे चेंबर मोजा. पार्किंगच्या फरशीखाली झाकलेला एखादा हमखास सापडतो, आणि तोच तुंबतो. चाव्यांना बिल्ले लावून फळ्यावर टांगा, नेणाऱ्याची सही वहीत घ्या. हे सगळं जुन्या माणसांच्या डोक्यात असतं, आणि डोकं सुट्टीवर गावी गेलं की सोसायटी कोरडी पडते.

माणसांना काम वाटू नका, जागा वाटा

मी आलो तेव्हा सगळ्या मावशी मिळून आधी ‘ए’ करायच्या, मग ‘बी’. ‘डी’पर्यंत पोचेस्तो एक वाजायचा, त्यामुळे ‘डी’ कायम अर्धवट. जाब विचारायला जावं तर काम सगळ्यांचं, म्हणजे कोणाचंच नाही. प्रत्येक कोपऱ्याला एक मालक हवा, आणि त्याचं नाव इमारतीत राहणाऱ्या सगळ्यांना माहीत हवं.

वाटणीआधी वेळ मोजा, तीही कामगाराबरोबर उभं राहून. आमच्याकडे एका मजल्याची लॉबी आणि खाली उतरणारा जिना झाडून-पुसून व्हायला बारा मिनिटं लागायची, काही मजल्यांवर मात्र अठरा. ‘मावशी रेंगाळतात’ ही सभासदांची जुनी तक्रार. तीन दिवस मागे फिरल्यावर कळलं की नळ फक्त तळमजल्यावर होता. पाणी काळं झालं की मावशी बादली घेऊन खाली जायच्या आणि लिफ्टची वाट बघत थांबायच्या. प्लंबरकडून दर चौथ्या मजल्याच्या डक्टमध्ये (पाइप जातात त्या बंद जागेत) एक नळ काढून घेतला आणि रेंगाळणं संपलं. काम होत नसलं की माणसाकडे बोट दाखवण्याआधी बादली कुठे आहे ते बघायची सवय मला तिथे लागली.

आता हिशोब सोपा होता. अकरा मजले गुणिले बारा म्हणजे सव्वादोन तासांच्या आत एक इमारत. चार इमारतींना चार माणसं; उरलेल्या चौघांत पार्किंग, आवाराचा रस्ता, कचऱ्याचं वर्गीकरण आणि क्लबहाउस. दुपारनंतरचा वेळ रोज न करायच्या कामांना: कोळिष्टकं, मीटर रूम, गच्ची, जिन्याच्या खिडक्या. त्यांना वार ठरवून द्या. आमच्याकडे गच्ची शुक्रवारी असायची. ‘सवडीने करा’ म्हटलेलं काम कधीच होत नाही.

प्रत्येक जागेला दुसरं नावही लावून ठेवा. खाडा पडणारच: पोर आजारी, गावची जत्रा, लग्नसराई. खाड्याच्या दिवशी दुसऱ्या माणसाने फक्त लिफ्ट, लॉबी आणि कचरा एवढंच करायचं हेही आधीच ठरवा. दोन इमारती पूर्ण करायला लावलं तर दोन्ही वाईट होतात, आणि तिसऱ्या दिवशी तोही खाडा टाकतो.

हजेरीची दहा मिनिटं

आठला काम सुरू होत असेल तर पावणेआठला तिथे असा. मस्टरवर ज्याची सही त्यानेच करायची. हजेरीला मी आधी ‘काय संपलंय?’ विचारायचो, मग ‘काय राहिलंय?’. फिनेल संपलंय, मॉपचा दांडा तुटलाय, कात्रीला धार नाही हे सकाळीच कळलं तर दिवस वाचतो. त्याच वेळी पायांकडे नजर टाका. ओल्या लादीवर गुळगुळीत झालेली रबरी चप्पल ही मोडलेल्या मनगटाची आगाऊ सूचना असते. प्रत्येकाला आजचं एकच जास्तीचं काम सांगा. चार सांगितलीत तर कुठलं करायचं ते तो ठरवतो.

आणि हजेरीत कोणाची खरडपट्टी काढू नका. चूक त्याच्या जागेवर, एकट्याला दाखवा. कौतुक मात्र चारचौघांत करायला हरकत नाही. वयाने मोठ्या माणसाला काका, मावशी आणि ‘तुम्ही’. आधीचा सुपरवायझर सगळ्यांना अरे-तुरे करायचा; तो गेल्यावर कोणी त्याचं नावही काढलं नाही.

फेरी

दिवसातून दोन फेऱ्या, वेळ आणि दिशा बदलून. लिफ्टने वर जा, जिन्याने उतरत या. लॉबीच्या मधली लादी बघू नका, ती चकचकीतच असते. लिफ्टच्या दाराची खाच, कठड्याची खालची बाजू, उघड्या दाराच्या मागचा कोपरा, फायर डक्टचं दार उघडून आत, जिन्याखालची मोकळी जागा या ठिकाणी काम कसं झालंय ते कळतं.

जुने सुपरवायझर कोपऱ्यात काडी टाकून बघतात, उद्या आहे की गेली. मीही एकदा आगपेटीची काडी ‘बी’च्या सातव्या मजल्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी हजेरीला मावशींनी ती माझ्या टेबलावर ठेवली: ‘साहेब, तुमची काडी पडली होती.’ कोणी हसलं नाही, त्यामुळे जास्तच लागलं. पुन्हा काडी टाकली नाही. दिसलं ते जागेवर नेऊन दाखवायचं, बास.

फेरीची वही ठेवा: जागा, काय दिसलं, कोणाला सांगितलं, कधी झालं. घाणीचे फोटो कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. मावशींचा मुलगा तोच फोन वापरत असतो आणि आईच्या कामावरची शेरेबाजी तो वाचतो. सभासदांच्या ग्रुपवरही नको, कारण तिथे उत्तरं कामगाराला द्यायची नसतात, ती तुम्हाला द्यायची असतात.

सभासदांना एकच तोंड

‘दादा, जरा वर येऊन पंखा लावून जा.’ ‘मावशी, आमची बाल्कनी पुसून घ्या, देते काहीतरी.’ यातून काम बुडतं आणि कोणाची बाल्कनी आधी यावरून भांडणं होतात. कमिटीकडून लेखी ठरवून घ्या: काम सांगायचं ते वहीत किंवा मॅनेजरला, घरातली खाजगी कामं कामाच्या वेळेबाहेर, त्याचे पैसे त्या दोघांत. सभासद थेट ओरडला तर कामगाराने एवढंच म्हणायचं, ‘साहेबांना सांगतो.’ पुढचं ऐकून घेणं ही तुमची नोकरी.

तक्रारीच्या वहीत तीन रकाने पुरतात: आली कधी, गेली कोणाकडे, संपली कधी. तिसरा रकाना सभासदाच्या सहीशिवाय भरायचा नाही.

साहित्याची खोली

कपाटाला कुलूप, पण किल्ली मावशींपैकी एकीकडे. सगळं मोजून तुम्हीच देत बसलात तर सकाळ तिथेच जाते. संडासाची बादली आणि फडकं लाल, लॉबीचं निळं. अक्षरओळख नसली तरी रंग कळतो. दर महिन्याला किती लागलं ते लिहा. तीन महिन्यांत अंदाज येतो, आणि अचानक दुप्पट झालं तर विचारता येतं.

एक नियम मात्र दगडावरची रेघ: ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र नाही, एकाच्या मागोमाग दुसरंही नाही. दोन्ही मिळाले की क्लोरीन वायू सुटतो. संडास जास्त स्वच्छ व्हावा म्हणून आमच्या एका मावशींनी दोन्ही टाकलं आणि खोकत, डोळे चोळत बाहेर आल्या. दार उघडं होतं म्हणून दवाखान्यातून संध्याकाळी घरी गेल्या. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. ती चूक माझी होती. त्या दिवसापासून ॲसिड कपाटातून काढलं. पाण्याच्या बाटलीत भरलेलं कुठलंही रसायन दिसलं की लगेच ओता आणि बाटली चेपून टाका.

जिथे माणूस मरू शकतो

इथे सवलत नाही.

वीज. आमचा वायरमन पंपाच्या स्टार्टरचा रिले बदलत असताना गेटवरून फोन आला, ‘बी’ला पाणी नाही. वॉचमन उत्साही, तो पंपरूमकडे निघाला होता आणि मुख्य स्विचपर्यंत पोचलाही होता. मी ओरडलो म्हणून थांबला. पुढच्याच आठवड्यात आम्ही मुख्य स्विचला कुलूप घालायची सोय केली. काम करणाऱ्याने कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात आणि स्विचवर पाटी: ‘माणूस कामावर आहे, चालू करू नये’. कुलूप काढायचं ते लावणाऱ्यानेच. हात घालण्याआधी टेस्टरने बघायचं, आणि तो टेस्टरही आधी चालू लाइनवर तपासायचा. बागेतले दिवे, कारंजं आणि ड्रिलच्या प्लगला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, हवा. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून ट्रिप होतो का बघा.

उंची. शिडी भिंतीला लावताना चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर, आणि खाली धरणारा माणूस. खुर्चीवर स्टूल ठेवून ट्यूब बदलताना कोणी दिसला तर काम तिथेच थांबवा, सभासद कितीही घाईत असो. बाहेरून पाइप दुरुस्ती किंवा रंगकाम असेल तर परांची बांधणारे आणि दोरावर उतरणारे वेगळे असतात. आपल्या प्लंबरला ‘जरा खिडकीतून वाकून बघ’ म्हणायचं नाही. बाहेरची टोळी आली तर कमरपट्टा बघू नका, पूर्ण अंगाचा हार्नेस आहे का आणि त्याचा दोर परांचीला बांधलाय की इमारतीच्या पक्क्या भागाला, ते बघा.

चेंबर आणि सेप्टिक टँक. तुमचा माणूस आत उतरणार नाही. ठेकेदाराचाही नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. आतल्या हायड्रोजन सल्फाइडला आधी सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास गेला असं वाटतं आणि माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. बातम्यांत एकाच टाकीतले दोन-तीन मृत्यू असतात ते यामुळे. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय अशी धोकादायक सफाई करून घेणं गुन्हा आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गटारात मृत्यू झाला तर कुटुंबाला १० लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. तुंबलं तर पाण्याच्या दाबाने तुंबा फोडून गाळ ओढून घेणारी जेटिंग-सक्शनची गाडी बोलवा. कमिटीत ‘दोनशे रुपयांत एक जण करून देतो’ म्हणणारा एक तरी भेटतो. त्याला हा परिच्छेद वाचून दाखवा.

पाण्याच्या बंद टाकीत उतरतानाही झाकण आधी बराच वेळ उघडं, वर एक माणूस, आतल्याच्या अंगाला दोर. टाक्या वर्षातून दोनदा धुवा. धुतल्यावर क्लोरीनच्या किटने नळाचं पाणी तपासा; त्यात क्लोरीन निदान ०.२ पीपीएम (दहा लाख भागांत ०.२ भाग) तरी हवं.

बाग

माळ्याला काम शिकवायला जाऊ नका, त्याच्याकडून शिका. तुमचं काम त्याला वेळ, पाणी आणि धारदार हत्यार देण्याचं. तरी दोन गोष्टींवर नजर असू द्या. हिरवळ एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापायची नाही. ‘महिनाभर बघायला नको’ म्हणून तळापासून छाटली की ऊन लागून पिवळी पडते आणि मग लॉनवाल्याचं बिल येतं. आणि पाणी सकाळी. दुपारी पाइप सोडून माळी सावलीत बसला असेल तर अर्धं पाणी वाफ होतंय, अर्धं पार्किंगमध्ये.

मोठ्या झाडांकडे जानेवारी-फेब्रुवारीतच बघा. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ; वळवाच्या पावसाबरोबर वारा सुटला की फांदी थेट गाडीच्या काचेवर. पण कोयता हातात घेण्याआधी पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे आणि शेजारच्या सोसायटीतला कोणीतरी फोटो काढून तक्रार करतोच. अर्ज लवकर टाका, कारण मे महिन्यात सगळ्यांनाच झाड आठवतं. जाड फांदी तीन घावांत काढायची: आधी थोडं बाहेरच्या बाजूला खालून अर्धवट, मग त्याच्या पुढे वरून, आणि फांदी पडल्यावर बुंध्यालगतचा खुंट. एकाच घावात कापली तर साल खोडापर्यंत सोलत जाते. नारळ वेळच्या वेळी उतरवा आणि तोवर झाडाखालची जागा दोर लावून बंद ठेवा.

झुडपांत साप दिसला तर काठी नाही. माणसं बाजूला करा, वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन करा. उंच मजल्यावरच्या आग्या मोहोळाला धूर देण्याचा उद्योग तर मुळीच नको.

वर्षाचं पंचांग

साध्या कॅलेंडरवर लिहून पंपरूमच्या दारामागे लावा. जानेवारी आणि जुलैत आगीच्या यंत्रणेची तपासणी करून परवानाधारक एजन्सीकडून ‘फॉर्म बी’, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, घ्यायचा. तो अग्निशमन विभागाला जातो. एजन्सीची माणसं आली की आपला वायरमन बरोबर फिरू द्या, एरवी हायड्रंटचा (आग विझवायच्या नळाचा) पंप तोच चालवणार आहे. एप्रिलअखेर गच्चीच्या जाळ्या, पावसाळी पाइप, आवाराच्या चऱ्या साफ करायला घ्यायच्या. मी हे काम २५ मेच्या आत संपवायचो, कारण जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळे प्लंबर बिझी. एका वर्षी राहून गेलं आणि ‘ए’च्या गच्चीवर घोटाभर पाणी साचलं, जाळीवर चिप्सचं एक पाकीट आडवं पडलेलं. अकराव्या मजल्यावरच्या काकूंनी छतावरचा ओल्याचा डाग मला दिवाळीपर्यंत दाखवला.

पावसाळाभर आठवड्यातला एक कोरडा दिवस. कुंड्यांच्या बशा, जुने टायर, लिफ्टचा खड्डा, गच्चीवर टाकलेली ताडपत्री सगळं उलटं करून सुकवा. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून सात दिवसांची साखळी तोडायची. दिवाळीआधी पंधरा दिवस घराघरांतून भंगार बाहेर पडतं. त्यासाठी जादा माणूस आणि टेम्पो आधीच ठरवा.

पैसे आणि ठेकेदार

कामगार ठेकेदाराचे असले तरी पगार थकला की ते तुमच्याच दारात उभे राहतात, आणि ते बरोबरच आहे: ठेकेदाराने पैसे बुडवले तर कायद्याने जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे सोसायटीवर येते. म्हणून ठेकेदाराचं बिल पास करण्याआधी दर महिन्याला मागच्या महिन्याच्या पीएफच्या आणि ईएसआयच्या (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) पावत्या मागा, आणि पावतीवर आपल्याच माणसांची नावं आहेत ना ते मस्टरशी ताडून बघा. ईएसआय २१,००० रुपये पगारापर्यंत लागू होतं, कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५. कार्ड मावशींच्या हातात आहे का, आणि त्यावर नवऱ्याचं-मुलांचं नाव चढलंय का, हे स्वतः विचारा. आमच्या एका माळ्याचे पैसे दोन वर्षं कापले जात होते आणि कार्ड ठेकेदाराच्या ड्रॉवरमध्ये होतं.

पगार ७ तारखेच्या आत, खात्यावर. किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. त्या महिन्यांत जुन्याच दराने पगार काढला असेल तर ठेकेदाराला विचारा. उचल द्यायची असेल तर ती वहीत, सहीने, ठरलेल्या हप्त्याने. तुमच्या खिशातून द्याल तर तुम्ही मुकादम न राहता सावकार व्हाल, आणि सावकाराला खरं कोणी सांगत नाही.

चोरीचा आळ हा वेगळाच प्रसंग. घरातली वस्तू सापडली नाही की बोट आधी मावशींकडे. त्या दिवशी कोणाच्याही पिशव्या तपासू देऊ नका. सभासदाला शांतपणे पोलिसांत जायला सांगा, सीसीटीव्ही जपून ठेवा, आणि मावशींना दुसऱ्या दिवशी नेहमीच्याच इमारतीत पाठवा. आमच्याकडे सोन्याची अंगठी तीन दिवसांनी वॉशिंग मशीनच्या जाळीत सापडली. सभासदाने माफी मागावी म्हणून मी दोनदा त्यांच्या दारात गेलो. दुसऱ्यांदा त्या सभासद बाई स्वतः मावशींना भेटायला खाली आल्या.

सोडून जाताना

सुट्टीवर जा किंवा नोकरी सोडा, वही मागे राहिली पाहिजे: व्हॉल्व्हचे नंबर, चाव्या, लिफ्ट आणि जनरेटरवाल्यांचे फोन, कोणाच्या इमारतीत कोण. पण नुसती वही देऊन निघू नका. नव्या माणसाबरोबर एकदा सगळं चाला. वहीत ‘मीटर रूमच्या मागे’ लिहिलेलं असतं. मागे म्हणजे डावीकडच्या बोळातून, आणि तिथे वाकून जावं लागतं, हे त्याला डोकं आपटल्यावर कळू नये.